मुंबईच्या २२७ नगरसेवकांना: पुढची साथ यायच्या आधी मदत लागणाऱ्यांची यादी करा

नमस्कार नगरसेवक ताई-दादांनो,

आधी अभिनंदन. ७ मार्च २०२२ ला जुन्या नगरसेवकांची मुदत संपली ती थेट यंदा १५ जानेवारीला मतदान झालं, मधली जवळपास चार वर्षं पालिकेत आपला म्हणून हक्काने भांडायला माणूसच नव्हता. मी भांडुप पश्चिमेला झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान चालवतो, साडेसहा बाय नऊचं, त्यामुळे या चार वर्षांत लोक माझ्याकडेच येऊन बोंबलायचे जसं काय मीच वॉर्डाचा मालक. असो.

आता तुम्हाला वाटेल २०२६ चालू आहे आणि हा माणूस कोविडचं काय काढून बसलाय. काढायचं कारण सांगतो. मागच्या आठवड्यात एक मावशी आल्या, टेंभीपाड्याच्या वरच्या अंगाला राहतात, चार घरची धुणीभांडी करतात. त्यांच्याकडे एक पिशवी असते, साडीच्या दुकानातली जुनी, आणि त्या पिशवीत त्यांचं सगळं आयुष्य असतं, रेशनकार्ड, दोन आधार (एकात जन्मतारीख चुकलेली), गॅसचं पुस्तक, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, आणि घरेलू कामगार मंडळाचं कार्ड. ते कार्ड त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, दादा हे रिन्यू होईल का. मी बघितलं तर शेवटचं नूतनीकरण २०१६ चं. म्हणजे २०२१ मध्ये सरकारने घरेलू कामगारांना १५०० रुपये द्यायचं ठरवलं तेव्हा या बाईंचं नाव यादीत नव्हतं, कारण अट होती जीवित नोंदणीची. मावशी जिवंत होत्या, नोंदणी मेलेली होती.

त्या १५०० बद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. १३ एप्रिल २०२१ ला रात्री मुख्यमंत्र्यांनी टीव्हीवर निर्बंध जाहीर केले आणि त्याच्यासोबत ५,४७६ कोटींचं पॅकेज. वाईट पॅकेज नव्हतं हो, मी उगाच नावं ठेवणाऱ्यातला नाही. बांधकाम कामगार १२ लाख, त्यांना १५००. परवानाधारक रिक्षावाले १२ लाख, त्यांना १५००. नोंदणीकृत फेरीवाले ५ लाख, त्यांना १५००. घरेलू कामगारांनाही. शिवभोजन थाळी महिनाभर फुकट. टीव्हीवर ऐकताना मला खरंच बरं वाटलं होतं, म्हटलं चला कोणीतरी आपल्या गल्लीतल्या लोकांची नावं घेतली. मग दुसऱ्या दिवशी अर्धं शटर उघडून बसलो आणि लोक यायला लागले तेव्हा कळलं की प्रत्येक शब्दाच्या आधी एक शब्द बसवलेला आहे. नोंदणीकृत. परवानाधारक. जीवित.

रिक्षाचंच घ्या. आमच्याकडे गाढव नाक्याला जे रिक्षा चालवतात त्यातले निम्मे तरी शिफ्टवर चालवणारे, रिक्षा दुसऱ्याची, परमिट तिसऱ्याचं. पैसे परमिटवाल्याला. म्हणजे जो माणूस घरी बसून भाडं खातो त्याच्या खात्यात १५०० आणि जो रात्री अकरा वाजता पेशंट घेऊन हॉस्पिटलं फिरला त्याला काही नाही, आणि यात कोणी चोरी केली असंही नाही, नियमाप्रमाणेच झालं सगळं. एका परमिटवाल्याने स्वतःहून ७५० ड्रायव्हरला दिले, मी बघितलंय, पण शहराची मदत अशा भल्या माणसांच्या भरवशावर चालवायची का?

बांधकामवाल्यांना वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभा राहणारा माणूस रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जातो, त्याला दाखला देणार कोण. आणि मोलकरणींना मालकाचं प्रमाणपत्र. मी स्वतः एका ताईंचा फॉर्म भरून प्रिंट काढून दिली, म्हटलं मॅडमची सही घेऊन या, त्या तीन दिवसांनी कोऱ्या फॉर्मसकट परत. मॅडम म्हणाल्या सही केली तर उद्या तू बोनस मागशील, फंड मागशील. लॉकडाऊनमध्ये त्याच मॅडमनी दोन महिने वर येऊ दिलं नव्हतं आणि पगारही दिला नव्हता, म्हणजे मदत मिळवायला जिची सही हवी तिच्यामुळेच मदतीची वेळ आलेली. लाखो बाया ज्या राज्यात घरकाम करतात तिथे मंडळाच्या जिवंत यादीत लाखभराच्या आसपास नावं होती. बाकीच्या काय हवेत काम करत होत्या?

फेरीवाल्यांचं तर बोलायलाच नको, तो विषय थेट तुमचा आहे, पालिकेचा. २०१४ ला सर्वे झाला, जवळपास ९९ हजार अर्ज आले, मग छाननी, मग पुन्हा छाननी, आणि दहा वर्षांनी फेरीवाल्यांच्या समितीची निवडणूक घ्यायची वेळ आली तेव्हा मतदार किती, तर ३२ हजारांच्या आसपास. भाजी तर सगळ्यांनीच विकली ना मधल्या काळात? तुम्ही आम्ही सगळ्यांनी घेतली. १ जून २०२० ला केंद्राची स्वनिधी योजना आली, १०,००० रुपयांची, ते पण मदत नाही बरं का, कर्ज, व्याजात ७ टक्के सवलत. त्याला सुद्धा विक्रीचं प्रमाणपत्र नाहीतर पालिकेचं शिफारसपत्र. आमच्या इथला एक वडापाववाला त्या पत्रासाठी एका ऑफिसात पाच वेळा गेला, कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, पाचव्यांदा त्याला सांगितलं की साहेब इलेक्शन ड्युटीवर आहेत. मग त्याने बायकोच्या कानातलं ठेवून गाडी परत चालू केली.

आता तुम्ही म्हणाल की ही सगळी राज्याची नाहीतर केंद्राची योजना, पालिकेचा काय संबंध. संबंध आहे. पैसा दिल्लीहून येवो नाहीतर मंत्रालयातून, शेवटी तो वॉर्डातच उतरतो, आणि वॉर्डात उतरला की विचारतो यादी कुठाय. यादी नसेल तर तो दोनच ठिकाणी जातो, एक ज्यांची नावं आधीपासून कुठेतरी आहेत त्यांच्याकडे आणि दुसरं कंत्राटदाराकडे.

कंत्राटदारावरून आठवलं. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये पालिकेने शिजवलेलं अन्न वाटलं, खिचडी. त्या कंत्राटांची पुढे पोलीस चौकशी वगैरे झाली ते तुम्ही पेपरात वाचलं असेल, त्यात मी पडत नाही. मी फक्त आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलेली खिचडी सांगतो. यायची दुपारी अडीचला. मे महिना. टेम्पोत बंद डबे, झाकण उघडलं की आधी वास. पोरं नको म्हणायची आणि आया ओरडायच्या की गपचूप खा. आणि त्याच वेळेला दोनशे पावलांवर आमच्या बचत गटाच्या अकरा बायका गणपती मंडळाच्या खोलीत चपात्या लाटत होत्या. मंडळाच्या शिल्लक वर्गणीतून पीठ आणलेलं, एका वाण्याने तेलाचे डबे उधार दिले (ते पैसे त्याला पुढच्या वर्षी मिळाले, पूर्ण नाही मिळाले), रोज दीडशे माणसांचं चपाती-भाजी. एकवीस दिवस चाललं. मग पैसे संपले आणि बंद पडलं. पालिकेची खिचडी त्यानंतरही येत होती.

केरळात बघा, तिथे कुडुंबश्रीच्या बायका, म्हणजे आपल्याकडे बचत गट तसंच, मार्च २०२० पासूनच पंचायती आणि नगरपालिकांबरोबर सामुदायिक स्वयंपाकघरं चालवायला लागल्या, नंतर त्यांचीच २० रुपयांत जेवण देणारी जनकीय हॉटेलं झाली. ते लोक काय आपल्यापेक्षा जास्त हुशार असं नाही, त्यांच्याकडे बायकांची यादी तयार होती, कुठल्या वॉर्डात कुठला गट, किती जणी, प्रमुख कोण. संकट आलं तेव्हा फोन करायला नंबर होता. आपल्याकडे नंबर होता टेंडर भरणाऱ्यांचा.

माझ्या मावसभावाचा मुलगा अमेरिकेत बॉस्टनला असतो. तो एकदा सांगत होता की तिकडे मार्च २०२१ मध्ये कोविडच्या मदतीचा मोठा कायदा झाला आणि राज्यांना, शहरांना वगैरे मिळून ३५० अब्ज डॉलर वाटले, एकट्या बॉस्टन शहराला ५५ कोटी डॉलरच्या वर. त्यातले ८० लाख डॉलर काढून शहराने २३, २८ आणि २९ नंबरच्या बस १ मार्च २०२२ पासून फुकट केल्या, कारण त्या मार्गांवर घरून काम न करता येणारी कष्टाची माणसं जास्त. मला हे फार आवडलं. बसला कोणी फॉर्म भरायला सांगत नाही, चढलास की झालं. आणि दुसरी गोष्ट, शहरांना नियम असा की ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत पैसे कशावर लावणार ते पक्कं करा, २०२६ संपेपर्यंत खर्च करा, आणि कशावर लावले ते सरकारला लिहून द्या, ते कोणीही वाचू शकतो. आता तिकडेही सगळं आलबेल नाही, नियमातच मुभा होती की १ कोटी डॉलरपर्यंत आमचं उत्पन्न बुडालं असं नुसतं धरून चाला, मग बऱ्याच शहरांनी तो पैसा नेहमीच्या खर्चात, पगारात जिरवला. पण निदान जिरवला हे कागदावर दिसतं.

आपल्याकडे काय दिसतं? कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्यांनी, मुंबई पालिकेची खास तपासणी केली, १२,०२३ कोटींची कामं पाहिली, अहवाल मार्च २०२३ ला विधानसभेत आला. त्यातून कोविडची ३,५३८ कोटींची कामं बाहेर राहिली कारण पालिकेने १८९७ च्या साथरोग कायद्याचं कारण सांगून कागद दिलेच नाहीत. मी वकील नाही, कायद्यात काय बसतं ते कोर्ट बघेल. पण माझ्याकडे एखाद्या म्हातारीने ५०,००० च्या सानुग्रह मदतीचा फॉर्म भरला (सुप्रीम कोर्टामुळे कोविडने गेलेल्या माणसामागे मिळत होते ते) तर तिला आरटीपीसीआरचा रिपोर्ट द्या, मृत्यूचा दाखला द्या, कॅन्सल्ड चेक द्या, बाकीच्या वारसांचं ना हरकत द्या, आणि रिपोर्ट हॉस्पिटलच्या चिठ्ठ्यांमध्ये हरवला म्हणून ती तीन महिने फिरली. तिच्या ५०,००० ला एवढे कागद आणि तिकडे ३,५३८ कोटींना एकही दाखवायचा नाही.

त्या १८९७ च्या कायद्याचीही गंमत आहे. तो आपल्याच शहरामुळे झाला, १८९६ ला मांडवीत प्लेग निघाला म्हणून. आणि प्लेगनंतर १८९८ ला इंग्रजांनी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, रस्ते रुंद केले, चाळी बांधल्या, त्या बीआयटी चाळी तुमच्यातल्या कित्येकांच्या वॉर्डात अजून उभ्या असतील. ट्रस्टने घरं पाडली जास्त आणि बांधली कमी हेही खरं, गरिबांनी शिव्याच घातल्या असणार, पण काहीतरी विटामातीचं मागे राहिलं. कोविडनंतर मागे काय राहिलं? बीकेसी, मुलुंड, दहिसरची जम्बो कोविड सेंटरं उचलून नेली, ती तात्पुरतीच होती म्हणा. बेडसाठी फोन करायच्या वॉर्डातल्या वॉर रूमचे फोन बंद झाले. पालिकेचा ‘आपला दवाखाना’ चालू झाला, ती चांगली गोष्ट, संध्याकाळी उघडा असतो, आमच्या आईला मी तिथेच नेतो. पण कोणाला मदत लागेल हे माहीत असलेलं एक रजिस्टर? नाही.

आणि ते करायची संधी आली होती हो, याचंच जास्त वाईट वाटतं. १५ सप्टेंबर २०२० ला "माझे कुटुंब माझी जबाबदारी" सुरू झालं, आठवतंय? पालिकेच्या आरोग्य सेविका घरोघरी. एकदा नाही, दोनदा. डोंगरावर खिंडीपाड्याला जिथे पाणी चढत नाही तिथे त्या चढल्या, ऑक्सिमीटर आणि टेम्परेचर गन घेऊन, मानधनावर, पगार नाही. आमच्याकडे आलेल्या ताईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो सेफ्टी पिनने लावलेला. त्यांनी माझं ऑक्सिजन घेतलं, ताप बघितला, शुगर-बीपी आहे का विचारलं, लिहून घेतलं आणि स्टिकर लावून गेल्या. त्याच कागदावर अजून तीन रकाने असते, घरात कोण काय काम करतं, काम चालू आहे की बंद, चूल कशावर पेटते, तर सहा आठवड्यांत अख्ख्या मुंबईची यादी तयार झाली असती आणि सात महिन्यांनी १३ एप्रिलला ते १५०० कोणाला द्यायचे हा प्रश्नच आला नसता. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या ताईंच्या आलं असतं, पण त्यांना विचारतो कोण.

कोणी म्हणेल एवढ्या लोकांची यादी करणं शक्य नाही, शहर मोठं, लोक सारखे घरं बदलतात. मला हे सांगू नका. २८ जून २०२४ ला बजेटमध्ये लाडकी बहीण जाहीर झाली. सुरुवातीला डोमिसाईल मागितलं, तहसीलवर चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली, तर काही दिवसांत अट सैल, जुनं रेशनकार्ड चालेल, मतदार ओळखपत्र चालेल. माझ्या दुकानाबाहेर सकाळी सहाला चपला ठेवून नंबर लावलेले असायचे. रात्री दोनला सर्व्हर चालतो म्हणून आम्ही रात्री दोनला फॉर्म भरलेत. आणि १४ ऑगस्टपासून, राखीच्या आधी, खात्यात पैसे पडायला लागले, दोन महिन्यांचे एकदम. दीड महिना! राज्यभरातून कोटीच्या वर बाया यादीत. आकडा पण तोच बघा, १५००. तीच मावशी, तेच १५००, २०२१ ला पिशवीतले सगळे कागद दाखवून मिळाले नाहीत आणि २०२४ ला आधार आणि रेशनकार्डावर मिळाले. फरक काय तर २०२४ ला इलेक्शन होतं. माझा लाडकी बहिणीला विरोध नाही, माझी बायको पण घेते, मी फक्त एवढंच सांगतोय की यादी करता येते हे मी माझ्या हाताने करून बघितलेलं आहे, साडेसहाशेच्या वर फॉर्म.

तर आता तुमच्याकडे मागणं. २०२५-२६ चं पालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं, यादी करायला त्यातलं फार काही लागणार नाही. आरोग्य सेविका आहेतच, त्यांना या कामाचे वेगळे पैसे द्या, वरून अजून एक फुकटचं ओझं टाकू नका, आणि घरोघर नोंद घ्या. मालकाची सही नको. ९० दिवसांचा दाखला नको. गल्लीतल्या चार लोकांनी सांगितलं की ही बाई धुणीभांडी करते तर करते, त्यात खोटं बोलून कोणाला काय मिळणारे, धुणीभांडी करण्याची हौस कोणाला असते का? रिक्षा ज्याच्या नावावर आहे त्याच्यासोबत जो चालवतो त्याचंही नाव घ्या. भाजीवाला पावतीवाला असो नसो, जागेवर दिसतो ना सहा महिने, लिहा. रेशनकार्ड गावचं असेल, सातारचं, रत्नागिरीचं, जौनपूरचं, तरी लिहा. २०२० ला केशरी कार्डवाल्यांना ८ रुपयाने गहू आणि १२ रुपयाने तांदूळ मिळाला तेव्हा आमच्याकडच्या कित्येकांचं कार्ड गावाला आणि पोट मुंबईत होतं. आणि हो, ही यादी पाडापाडीसाठी वापरणार नाही हे ठराव करून लिहून द्या, नाहीतर लोक नाव सांगणार नाहीत, मी पण सांगू नका म्हणेन.

बचत गटांचं तसंच, कोण किती माणसांचं जेवण करू शकतं, भांडी आहेत का, गॅस आहे का, आत्ताच दर ठरवून ठेवा. पूर आला तरी उपयोगी पडेल, साथच यायला पाहिजे असं नाही, आमच्याकडे दर जुलैला दरड कोसळायची भीती असतेच.

आणि कोविडच्या खर्चाचा हिशोब. सगळा एकदम नको, मला तेवढं वाचता येत नाही. माझ्या वॉर्डात २०२० ते २०२२ मध्ये किती आले, अन्नावर किती, औषधावर किती, कोणाला दिले, एवढं एक पान वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावा, मराठीत. तुमच्यातल्या ११४ जागा बायकांसाठी राखीव आहेत, म्हणून ताईंना जास्त आशेने लिहितोय, ज्यांनी कधी रॉकेलच्या लाईनीत उभं राहून बघितलंय त्यांना नंबर लागून सुद्धा माल संपणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

मावशींचं कार्ड मी ठेवून घेतलंय, ड्रॉवरमध्ये आहे. फोटो काढून दिलाय, फॉर्म भरलाय, मालकाच्या सहीचा रकाना तेवढा रिकामा आहे. चारपैकी एका घरची वहिनी बघते म्हणालीये. प्रभाग समितीची मीटिंग कधी असते आणि त्यात साध्या माणसाला बसू देतात का एवढं कळवा, मी दुकान बंद ठेवून येईन आणि मावशींनाही आणीन. फक्त सोमवार नको, सोमवारी त्यांना सुट्टी मिळत नाही आणि माझ्याकडे शाळांच्या झेरॉक्सची गर्दी असते.

तुमचाच एक मतदार,
झेरॉक्सवाला, भांडुप पश्चिम